तिच्या शेजारी म्हातारे होणाऱ्यांना पडद्यावर जागा द्या

चिरतारुण्याच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

वय वाढायचे थांबलेल्या माणसाची प्रेमकथा तुम्ही पुन्हा पुन्हा पडद्यावर आणता आणि मी ती दर वेळी आवर्जून पाहते. पाहून झाल्यावर मनात जी तक्रार उरते, ती इतकी वर्षे मी जवळच्या माणसांपाशी बोलून मोकळी होत असे. पण गेल्या महिन्यात ‘द एज ऑफ अ‍ॅडलाइन’ तिसऱ्यांदा पाहिला, आणि ही तक्रार ज्यांच्या कानांवर जायला हवी त्यांनाच लिहून कळवावी असे ठरवले. जिचे वय वाढत नाही तिच्यावरच तुमचा कॅमेरा खिळून राहतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत ज्यांची वये वाढत जातात त्यांची गोष्ट तुम्ही उंबरठ्यापर्यंत आणून माघारी पाठवता, एवढेच माझे म्हणणे आहे. ते का म्हणते, हे मात्र जरा सविस्तर सांगावे लागेल.

ली टोलंड क्रीगर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. १ जानेवारी १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली अ‍ॅडलाइन बोमन ही त्याची नायिका. गोल्डन गेट पुलाच्या बांधकामावर नवरा दगावतो, पदरी लहान मुलगी असते, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिची मोटार रस्ता सोडून बर्फासारख्या गार पाण्यात कोसळते. तिचे हृदय थांबते, मोटारीवर वीज पडते, हृदय पुन्हा चालू होते, आणि त्या क्षणापासून ती २९ वर्षांचीच राहते. पुढे तिच्या परवान्यावरचे वय आणि चेहरा यांचा मेळ बसेनासा होतो, तिच्या मागावर माणसे लागतात, आणि मग दर दहा वर्षांनी नाव, गाव, कागदपत्रे बदलत ती पळत राहते. २०१४ च्या अखेरच्या रात्री तिला एलिस भेटतो. पुढे तो तिला आपल्या घरी नेतो, तेव्हा दारात उभे असलेले त्याचे वडील विल्यम हे साठच्या दशकात तिच्यावर जीव टाकणारा आणि एके दिवशी अंगठी घेऊन बाकावर वाट पाहत बसलेला तरुण निघतात.

इतकी सुरेख जुळवाजुळव कोणाला सुचली तर त्याला मनापासून दाद द्यावी. मी देतेच. या चित्रपटात एक फोटोंचा आल्बम आहे. अ‍ॅडलाइनने आयुष्यभर पाळलेल्या, एकाच जातीच्या कुत्र्यांची छायाचित्रे त्यात एकामागून एक लावलेली आहेत. बाई एकच, कुत्री अनेक. आपल्या मांडीवरचा जीव आपल्याआधी जाणार हे माहीत असूनही माणूस पुन्हा पिल्लू घरी आणतो, ही गोष्ट त्या आल्बमाने एका शब्दावाचून सांगितली आहे. ज्याला हा आल्बम सुचला, त्याला माझे पुढचे सगळे म्हणणे कळेल अशी माझी खात्री आहे.

मुलीचे नाव फ्लेमिंग. तिचे काम एलेन बर्स्टिन यांनी केले आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा आईचे काम करणाऱ्या ब्लेक लाइव्हली २७ वर्षांच्या होत्या आणि मुलीचे काम करणाऱ्या बर्स्टिन ८२ वर्षांच्या. या दोघी समोरासमोर बसून बोलतात तेव्हा विज्ञानकथेची वेगळी सजावट लागत नाही. सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या बाईने कोवळ्या चेहऱ्याच्या बाईकडे लेकराच्या नजरेने पाहायचे, हे काम बर्स्टिन इतक्या सहजपणे करतात की ‘आई’ हा शब्द त्यांच्या तोंडून खरा वाटतो. फ्लेमिंग म्हणते की आता उतारवयात अ‍ॅरिझोनाला राहायला जावे, आणि ते ऐकताना आईच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते, तिला मराठीत नेमका शब्द नाही. लेकरू म्हातारपणाची सोय बघते आहे आणि आई अजून तिशीतही पोहोचलेली नाही!

या दोघींना चित्रपटाने किती वेळ दिला आहे, ते तुम्हीच तपासून पाहा. थोडीशी भेट, दूरध्वनीवरचे बोलणे आणि शेवटी रुग्णालयातला प्रसंग. बाकी सगळा वेळ नायक, त्याचे डोळे, त्याचे आर्जव आणि दिव्यांनी उजळलेले शहर यांच्याकडे गेला आहे. मी एकदा हिशेब करून पाहिला. फ्लेमिंगचे वय आईच्या गोठलेल्या वयाला ओलांडून पुढे गेले, ते साल साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या आसपास पडते. मुलगी आईपेक्षा मोठी झाली तो दिवस! असा दिवस जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीत येत नाही, तो फक्त तुम्हा मंडळींच्या गोष्टीत येऊ शकतो. त्या दशकातले चित्रपटाने आपल्याला काय दाखवले? विल्यमबरोबरचे प्रेम. मुलगी त्या काळात कुठे होती, त्या वाढदिवसाला आईने तिला काय पाठवले, पाठवले असल्यास कोणत्या खोट्या नावाने, यातले काहीही आपल्याला कळत नाही.

त्या दिवसाबद्दल मी इतके हट्टाने का विचारते, ते सांगायला हवे. माझी ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती आणि आजारपणात तिच्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेली. तिचा जो फोटो आमच्याकडे आहे तो तिच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे, त्यामुळे त्याच्या खालच्या कोपऱ्यात शिक्क्याची निळी कमान अर्धवट उमटलेली दिसते. ती गेली त्यानंतर सहा वर्षांनी, ज्या दिवशी मी तिच्यापेक्षा एका दिवसाने मोठी झाले, त्या दिवसाची तारीख मी आधीच वहीत काढून ठेवली होती. लीप वर्षांचे दिवस धरून, दोनदा बेरीज करून. त्या सकाळी मी फोटोसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून नेहमीसारखेच ‘ताई’ आले. आज मी सत्तावन्न वर्षांची आहे. तो फोटो नीट पाहायचा तर मला आधी चष्मा शोधावा लागतो, आणि फोटोतली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची दिसते, तरी ती ताईच आहे. ज्यांचे वय वाढत नाही अशी खरी माणसे आपल्या सगळ्यांच्या घरी असतात. त्यांच्याशी नाते सांभाळत म्हातारे व्हायचे काम मागे उरलेल्यांना करावे लागते. अ‍ॅडलाइनची गोष्ट पाहताना म्हणूनच मी अ‍ॅडलाइन नसते, मी फ्लेमिंग असते. आणि चित्रपटगृहातल्या बहुतेक माणसांचेही तसेच होत असणार.

आता विल्यमच्या घरी चला. हॅरिसन फोर्ड यांनी उभा केलेला विल्यम दारातून आत आलेल्या तरुणीला पाहतो आणि त्याच्या तोंडून तिचे जुने नाव निघते. हा प्रसंग फोर्ड यांच्या उत्तम कामांपैकी एक आहे असे मी मानते. एका माणसाच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षे एकदम मागे सरकताना दिसतात. पण मी तुम्हाला त्याच खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीकडे पाहायची विनंती करते. कॅथी बेकर यांनी रंगवलेली विल्यमची पत्नी तिथेच आहे, आणि निमित्त त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे आहे. चाळीस वर्षे जिने या माणसाबरोबर घर केले, मुले वाढवली, त्याची दुखणीखुपणी काढली, तिच्यासमोर तिचा नवरा एका जुन्या प्रेयसीची आठवण काढत राहतो, तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धूमकेतूचा विषय निघतो, आणि ती बाई हसतमुख राहायचा प्रयत्न करते. तिच्या मनातला प्रश्न चित्रपटाला दिसला आहे, हे मी मान्य करते. पण त्याचे उत्तर नवऱ्याच्या चार गोड शब्दांत उरकले जाते आणि गाडी पुन्हा नायिकेच्या मागे धावते.

ताईच्या माघारी भावोजींनी काही वर्षांनी दुसरे लग्न केले. त्यांच्या घरीही तोच फोटो भिंतीवर होता आणि त्यावरची धूळ त्यांच्या दुसऱ्या पत्नी पुसत असत. मी एकदा गेले असताना त्यांनी काच पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हटले, “हिच्याशी भांडताही येत नाही हो. ही कधी चुकतच नाही.” त्या वाक्यात राग नव्हता. जिचे वय वाढत नाही तिच्या शेजारी आपले गुडघे, आपला वाढलेला आवाज, आपला विसराळूपणा घेऊन रोज उभे राहायचे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. विल्यमच्या पत्नीला असे एक वाक्य तुम्ही दिले असते, तर ती मला जन्मभर लक्षात राहिली असती.

ही चूक फक्त तुमच्या काळाची आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या ययातीच्या कथेत बापाने मुलाचे तारुण्य मागून घेतले, पुरूने ते दिले आणि बापाचे म्हातारपण आपल्या अंगावर घेतले. बाप तरुण आणि मुलगा जख्ख, म्हणजे फ्लेमिंगच्या घरासारखीच उलटी मांडणी. ययातीने पुढे हजार वर्षे काय काय भोगले ते कथा सांगते. त्या काळात पुरूचे दिवस कसे गेले, त्याच्याशी कोण बोलत होते, याविषयी ती जवळजवळ गप्प आहे. इतक्या जुन्या गोष्टीत जी जागा रिकामी राहिली ती भरायची संधी तुमच्याकडे आहे.

विज्ञानाविषयी थोडे लिहिते, कारण तुम्ही आपल्या गोष्टीला विज्ञानकथेची जोड देता. या चित्रपटात निवेदक गंभीर स्वरात सांगतो की डीएनएबद्दलचे जे तत्त्व २०३५ साली शोधले जाणार आहे, त्यामुळे वीज पडल्यावर अ‍ॅडलाइनचे वय थांबले. परीकथेत जादू चालते, तशी ही वीज चालते. तिच्यावर माझा आक्षेप नाही. वाईट एवढेच वाटते की खऱ्या जीवशास्त्रात याहून कितीतरी हृदयाला भिडणारी सामग्री असताना तुम्ही पावडर लावलेली जादू निवडता. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर साधारण चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि मग थांबतात. पुढे कळले की प्रत्येक विभागणीबरोबर गुणसूत्रांच्या टोकांवरची टोपणे, म्हणजे टेलोमिअर, थोडी थोडी झिजतात. त्या टोकांचे आणि त्यांना पुन्हा लांबवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम उलगडणाऱ्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले. म्हातारपणाची कारणे आणखीही आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. एक बटण दाबले आणि वय थांबले असे शरीरात कुठेच नाही. उलट जी पेशी थांबायचे विसरते आणि विभागतच राहते, तिला आपण कर्करोगाची पेशी म्हणतो.

अशा पेशींची एक खरी गोष्ट अमेरिकेत घडलेली आहे आणि ती तुम्हा सर्वांना माहीत असावी. हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या आई १९५१ साली बाल्टिमोरमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारल्या, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या गाठीतून त्यांना न सांगता, न विचारता घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढू लागल्या. त्या सुमारे एका दिवसात दुप्पट होत आणि आजही जगभर वाढत आहेत. आईच्या शरीराचा अंश असा जिवंत आहे हे घरच्या माणसांना कळायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आई गेली तेव्हा जिला धड बोलताही येत नव्हते ती मुलगी डेबोरा मोठी झाली, आईच्या वयाला ओलांडून पुढे गेली, साठीच्या आसपास पोहोचून २००९ साली वारली. आणि आईच्या पेशींना मात्र म्हातारपण आलेच नाही. विजेची गरज न लागता घडलेली ही चिरतारुण्याची गोष्ट आहे, आणि तिचे सगळे वजन म्हाताऱ्या होत गेलेल्या मुलीच्या बाजूला आहे.

आता शेवटाविषयी, कारण माझी खरी हळहळ तिथे आहे. एलिसच्या घरातून अ‍ॅडलाइन नेहमीप्रमाणे पळून निघते, वाटेत थांबते, मुलीला दूरध्वनी करून सांगते की आता पळणार नाही, आणि मोटार परत वळवते. या वळणाइतका मोठा क्षण साऱ्या चित्रपटात दुसरा नाही. आपण २९ चेच राहणार, तो पन्नाशीचा, सत्तरीचा होणार, त्याचे केस गळणार, तो एक दिवस आपल्याला नात समजणाऱ्या अनोळखी माणसांसमोर खजील होणार, आणि शेवटी त्याला पोहोचवून आपल्याला पुन्हा एकटे उरायचे आहे, हे सगळे ठाऊक असताना ती परत फिरते. आजवर वचने पुष्कळ ऐकली, पण हे वचन सर्वांहून अवघड आहे. आणि तुम्ही काय केलेत? वळलेल्या मोटारीला धडक दिलीत, तिचे हृदय पुन्हा बंद पाडलेत, विजेच्या झटक्याने ते चालू केलेत आणि तिचे वय वाढायला लावलेत. वचन दिल्यावर काही मिनिटांतच ते पाळायची गरजच उरली नाही. थांबलेल्या हृदयाला झटका देऊन ते सुरू होत नसते, झटका हा हृदयाची विस्कटलेली फडफड थांबवण्यासाठी असतो, ही बारीक चूक मी सोडून देते. चूक नसलेली, पूर्ण शास्त्रशुद्ध धडक असती तरी माझे म्हणणे हेच राहिले असते.

रुग्णालयातल्या खाटेपाशी फ्लेमिंग येते आणि सवयीने आपण हिची आजी असल्याचे सांगू लागते, तेव्हा एलिसला खरे काय ते आधीच कळलेले असते. कित्येक दशकांच्या खोट्या ओळखीनंतर मुलीला पहिल्यांदा परक्या माणसासमोर आपल्या आईची मुलगी होता येते. मला तिथे दर वेळी रडू येते. पुढे वर्षभराने आरशात अ‍ॅडलाइनला एक पांढरा केस सापडतो आणि तिचा चेहरा उजळतो. पांढरा केस ही आनंदाची बातमी म्हणून दाखवायची, ही कल्पना गोड आहे, यात वाद नाही. पण त्या केसामुळे आई आणि मुलीचा हिशेब काही मिटत नाही. मुलगी ऐंशीच्या पुढे आहे. आता वय वाढू लागलेली आईसुद्धा लेकीला पोहोचवूनच मग म्हातारी होणार. तो केस दिसताच आईच्या मनात लेकीचा विचार यायला हवा होता, आणि चित्रपटाने तिला एलिसबरोबर नववर्षाच्या समारंभाला पाठवून दिले.

तुमच्या धंद्यातल्या अडचणी मला अगदीच कळत नाहीत असे नाही. तरुण चेहऱ्यावर पैसा लावणे सोपे असते आणि ऐंशीच्या बाईचे नाव जाहिरातीत मोठे करायला धैर्य लागते. पण पडद्यावर फोर्ड यांचे वाढलेले वय चालले ना? ७२ व्या वर्षी त्यांना सुरकुत्यांसकट प्रेम आठवायची, थरथरायची, चुकायची मुभा तुम्ही दिलीत, आणि त्याच्यामुळेच चित्रपट उभा राहिला. बर्स्टिन यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळालेले आहे. त्यांना तुम्ही बोलावून आणलेत, ही अर्धी लढाई जिंकल्यासारखे आहे. उरलेली अर्धी संहितेच्या पानांवर आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्यापैकी कोणीतरी आत्ता या क्षणी अशीच पुढची गोष्ट लिहीत असेल. वीज नसेल, औषध असेल, एखादा शाप किंवा अंतराळप्रवास असेल. लिहिताना मुलगी आईपेक्षा मोठी होते तो दिवस वगळू नका. त्या दिवशी दोघी एका टेबलापाशी बसलेल्या असोत, कोणाचे वय किती हे दोघींनाही माहीत असो, आणि केकवर मेणबत्त्या लावायच्या की नाही यावर त्यांचे एकमत होत नसो. आणि विल्यमच्या पत्नीसारखी जी कोणी त्या घरात असेल, तिला पाहुणे निघून गेल्यावर नवऱ्याबरोबर एकटे राहू द्या, कॅमेरा तिच्यापाशी ठेवा, आणि तिला बोलू द्या.

आपली,
एक प्रेक्षक